टॉवेलाआडच्या वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, स्वभावाने इतक्या चांगल्या आहेत की डोक्यात तिडीक जाते. त्यांना विचारा, "चहा करू की कॉफी?" त्या आधी माझ्या हाताकडे बघणार, हातात कुठला डबा आहे ते हेरणार आणि मग अगदी मनापासून वाटल्यासारखं म्हणणार, "चहाच कर बाई." कॉफीचा डबा असता तर कॉफी. दोन्ही हात रिकामे असले तर "काही नको गं, आत्ताच पाणी प्यायले." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा! मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांच्या शेजारी बसून "क्लच सोडा, क्लच सोडा, अहो हळू सोडा!" म्हणून बोंबलणं हा माझा धंदा. घरी आल्यावर निदान एका माणसाने तरी उलट बोलावं, एवढी माफक अपेक्षा असते. तर घरी ह्या.

दोष त्यांचा नाही, दातांच्या डॉक्टरांचा आहे. वन्संनी लग्न केलं नाही. सगळा जन्म एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काढला. ती मागेपुढे होणारी खुर्ची, तो डोळ्यांत घुसणारा दिवा, ट्रेमध्ये ओळीने मांडलेले आरसे, चिमटे, टोकदार सळ्या. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क आणि पेशंटच्या तोंडात कापूस. म्हणजे बोलायला मोकळं तोंड खोलीत एकच, आणि ते वन्संचं, जे त्या उघडत नसत. डॉक्टर नुसता हात पुढे करायचे. वन्सं त्यांच्या भुवयांकडे बघायच्या आणि जे हवं असेल ते हातात ठेवायच्या. एकदाही चुकल्या नाहीत म्हणे. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या बाई मनकवड्या आहेत हं!" असं म्हणायला काही खर्च येत नाही, त्यामुळे ते रोज म्हणायचे.

राहायलाही त्या दवाखान्याच्याच वर होत्या, एका खोलीत. मग डॉक्टर थकले, मुलाकडे राहायला गेले, आणि दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी घेतला. त्यांनी फरशी उखडली, भिंती पाडल्या, आणि वन्सं दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आल्या. "पंधरा दिवसांसाठी गं," म्हणाल्या. आमच्याकडे सगळेच पंधरा दिवसांसाठी येतात. बाल्कनीतला मोडका पंखासुद्धा पंधरा दिवसांसाठीच आला होता.

आता प्रश्न पडला, वन्संनी कायमचं राहायचं कुठे. म्हणजे प्रश्न आम्हाला पडला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. माझे धाकटे दीर फरश्यांचं दुकान चालवतात आणि जाऊबाई घरीच पाळणाघर चालवते. पाळणाघरातली आया नेमकी तेव्हाच सोडून गेली होती. त्यामुळे जाऊबाईला एकाएकी वन्संचं प्रेम अनावर झालं. रोज फोन. "वन्सं, मुलं तुमची किती आठवण काढतात!" त्या मुलांनी वन्संना उभ्या आयुष्यात एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हा त्यांतली निम्मी झोपलेली होती. इकडे आमचे हे. ह्यांना चष्मा सापडत नाही, पेन सापडत नाही, एका पायातला मोजा सापडत नाही. वन्सं आल्यापासून ह्यांनी नुसती मान वळवली की चष्मा हातात. त्यामुळे "ताई आता माझ्याकडेच राहील, मी थोरला आहे," असं हे छाती पुढे काढून सांगायला लागले. दोघा भावांचं ठरलं, महिनाअखेरच्या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा. वन्सं म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल तसं."

आणि मी? मी काय धुतल्या तांदळासारखी आहे? मुळीच नाही. मला ब्रिजला पार्टनर हवी होती.

दर बुधवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचा ब्रिज असतो. हिरव्या कापडाची टेबलं, घड्याळ दाखवतं ती वेळ कुणीच खरी मानत नाही, आणि चहा असा की कपाचा तळ दिसतो. पण माझ्या आठवड्यात तेवढी एकच संध्याकाळ अशी, की मी पुढच्या माणसावर ओरडत नाही. माझी जुनी पार्टनर फुलांचं दुकान चालवायची. ती लेकीकडे दुसऱ्या गावी गेली आणि माझी खुर्ची गेली. ब्रिज जोडीने खेळतात. पार्टनर नसेल तर तुम्ही भिंतीला टेकून दुसऱ्यांचे पत्ते बघत उभं राहायचं, आणि तोंड मात्र बंद ठेवायचं. हे मला कितपत जमणार ते तुम्हीच ठरवा. आमच्या सेक्रेटरींना सगळे जज्जसाहेब म्हणतात. जन्मभर त्यांनी पाण्याचे पंप विकले, पण निकाल असा देतात की वर अपीलच नाही. ते म्हणाले, "जोडी आणा, टेबल घ्या." मी घरी आले. वन्सं समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, पत्ते शिकाल?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, मला फार दिवसांपासून शिकायचंच होतं."

धादांत खोटं!

पण शिकायला हुशार निघाल्या. पहिल्याच संध्याकाळी मोजदाद तोंडपाठ. एक्क्याला चार गुण, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. सगळ्या डावात मिळून चाळीस. आपल्या तेरा पत्त्यांत बारा-तेरा गुण असले तर आपण होऊन बोली सुरू करायची, नसले तर पास म्हणायचं. बोली म्हणजे काय, तर सहाच्या वर किती हात करणार आणि हुकूम कुठला, ते सांगणं. एक बदाम म्हणजे बदाम हुकूम आणि सात हात. चार बदाम म्हणजे दहा हात. दोघींचे मिळून पंचवीस-सव्वीस गुण असले तर चार बदामापर्यंत जायला हरकत नाही. पण दुसरीकडे किती आहेत ते विचारता येत नाही. बोलीतूनच कळवायचं आणि बोलीतूनच ओळखायचं.

"आणि वन्सं, एखाद्या रंगाचा एकही पत्ता नसेल, तर त्याचेसुद्धा गुण मिळतात."

"नसल्याचे?"

"हो. पाच. तिथे हुकूम मारता येतो ना!"

वन्सं हसल्या. "अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस? नवरा नाही, मुलं नाहीत, घर नाही. माझे किती झाले बघ."

"पण ते केव्हा धरायचे, पार्टनरशी हुकूम जुळला तरच."

"असं होय," म्हणाल्या, आणि पत्ते गोळा करायला लागल्या. मी विषय बदलला. मला असल्या वेळी काय बोलायचं ते कळत नाही, मी सरळ पुढचा धडा घेते.

बुधवारी मोठ्या तोऱ्यात त्यांना घेऊन गेले. समोर जज्जसाहेब आणि त्यांच्या बायको. मला तेरा गुण, बदामाचे पाच पत्ते. मी म्हटलं, "एक बदाम." जज्जसाहेब पास. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पत्त्यांवरून उगाच एक नजर फिरवली, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "चार बदाम."

माझ्या मनात लाडू फुटले. म्हटलं, वा! वन्संकडे पत्त्यांचा डोंगर दिसतोय! जज्जसाहेबांच्या बायकोने शांतपणे "डबल" म्हटलं, म्हणजे हरलो तर दंड दुप्पट, तरी माझं हसू कमी होईना. मग नियमाप्रमाणे, बोलीवर खेळणारीची पार्टनर म्हणून, वन्संनी त्यांचे पत्ते टेबलावर उघडे मांडले. एक राजा, एक गुलाम. गुण चार. बदामाचे पत्ते दोन, तेही तिर्री आणि पंजी. दहा हात करायचे होते, सहा झाले. टेबलाखाली माझ्या पायाने आपोआप ब्रेक दाबला. गाडीत माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो. इथे नसतो, आणि हे त्या दिवशी मला फार जाणवलं.

पुढच्याच डावात उलट. जज्जसाहेबांच्या बायकोने "एक इस्पिक" म्हटलं, मी पास, जज्जसाहेब पास, आणि वन्संही पास. डाव संपल्यावर कळलं, वन्संकडे पंधरा गुण आणि चौकटचे सहा सणसणीत पत्ते.

"वन्सं! पंधरा गुण घेऊन पास?"

"अगं, त्या किती खुशीत बोलल्या! मध्ये कशाला तोंड घालायचं?"

"आणि मघाशी चार बदाम? चार गुणांवर?"

"तुला हवे होते ना चार बदाम. तुझ्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं." आणि वर अभिमानाने, "माझं कधी चुकत नाही."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा कुणाचं तरी काही खरं नसतं. "बाई, तुम्ही पार्टनरच्या चेहऱ्याकडे बघून बोली करता?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "तशी सवयच आहे मला."

आता बोला! चोराने पोलिसाला आपण होऊन घरचा पत्ता द्यावा, तसं झालं. ब्रिजमधला हा पहिला नियम. पार्टनरचा चेहरा, उसासा, आवाज, भुवई, कशावरूनही काही घ्यायचं नाही. घेतलं तर ती लबाडी. मी वन्संना गुण शिकवले, बोल्या शिकवल्या आणि हे सांगायचं राहून गेलं, कारण पत्ते सोडून माझं तोंड बघत बसणारं माणूस जगात असेल असं मला वाटलंच नव्हतं. जज्जसाहेबांनी निकाल दिला. नवीन आहेत म्हणून या वेळी माफ. पुढच्या बुधवारी पुन्हा असं दिसलं, तर ही जोडी वर्षभर बाहेर.

घरी जाताना वन्सं गाडीत आरशातून मागे पडणारा रस्ता बघत होत्या. मग म्हणाल्या, "चेहरा बघायचा नाही, तर मग बघायचं काय?"

"तुमचे पत्ते, वन्सं! तुमचे स्वतःचे पत्ते!"

"तेवढेच?"

मी कपाळावर हात मारला. गाडी चालवत होते म्हणून एकच मारला.

दुसऱ्या दिवशी मी उपाय काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कपडे वाळत घालायचा छोटा स्टँड आडवा उभा केला आणि त्यावर मोठा निळा टॉवेल टाकला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वन्सं. चार जणांचे पत्ते वाटायचे, पण बोली आम्हा दोघींनीच करायची, बाकीचे दोघे पास म्हणाले असं समजायचं. एवढ्यात हे चष्मा शोधत आले.

"हे काय चाललंय? ताई कुठाय?"

"टॉवेलामागे," मी म्हटलं.

"का?"

"माझं तोंड बघायला नको म्हणून."

ह्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मलापण एक टॉवेल लाव." एरवी ह्यांना विनोद सुचत नाही. सुचला तो असा.

मी म्हटलं, "एक बदाम." टॉवेलामागून काही नाही.

"वन्सं?"

"आवाजावरून वाटतंय, तुझ्याकडे फार नाहीत."

मी टॉवेलाला शिव्या घातल्या. मग मी सगळ्या बोल्या एकाच सुरात बोलायला लागले, फोनवर "आपला कॉल महत्त्वाचा आहे" म्हणणाऱ्या बाईसारख्या. एक बदाम. पास. दोन इस्पिक. सगळं सपाट. आता वन्संकडे माझं काहीच उरलं नाही, ना तोंड ना आवाज. परत शांतता. इतकी लांब की मला वाटलं, झोपल्या.

"वन्सं, काय करताय?"

"थांब जरा. बघतेय."

"काय बघताय?"

"माझ्याकडे काय आहे ते," म्हणाल्या. "गडबड करू नकोस."

गडबड करू नकोस! मला! माझ्या लग्नापासून या बाईंनी मला "थांब" म्हटलेलं आठवत नाही. मी खरंच थांबले. मला एवढा आनंद झाला होता की फोनवाल्या बाईचा सूर काढणं अवघड जात होतं.

तो आठवडाभर रोज संध्याकाळी टॉवेल. आधी त्या सारख्या चुकायच्या, पण चुका आता त्यांच्या स्वतःच्या होत्या. सहा गुण असले आणि बदामाचे तीन पत्ते असले तर नुसतं "दोन बदाम," उगाच चार नाही. काहीच नसलं तर "पास," आणि "पास" म्हणताना माफी मागायची नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. त्या "पास, हं" म्हणायच्या. त्यातलं "हं" काढायलाच दोन संध्याकाळी गेल्या.

आणि मग तो एक डाव. माझ्याकडे इस्पिकचे सहा पत्ते, मी म्हटलं, "एक इस्पिक."

"दोन बदाम," टॉवेलामागून.

मी म्हटलं, "दोन इस्पिक." म्हणजे ऐका आता.

"तीन बदाम."

मी सूर सोडला. "वन्सं, इस्पिक म्हणतेय मी! दोनदा म्हटलं!"

"ऐकलं की. माझ्याकडे बदामाचे सात आहेत आणि तुझ्या इस्पिकचा एकही नाही. तीन बदाम."

मी टॉवेल बाजूला करून पाहिलं. सात बदाम, एक्का-राजासकट. बरोबर होत्या. मी त्यांच्यावर चिडले, आणि त्या माझ्याकडे बघून शांतपणे पत्ते लावत बसल्या. समोरचं माणूस चिडलंय आणि वन्सं काही हातात द्यायला धावत नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या वेळी मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला. माणूस किती मूर्ख असतं!

बुधवारी वन्संनी डोळे पत्त्यांतून वर काढले नाहीत. आम्ही शेवटून दुसऱ्या आलो, पण जज्जसाहेबांनी चष्मा काढला नाही. उलट जाताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. नाव घालू का जोडीचं?" मी वन्संना न विचारता "घाला" म्हटलं. त्या वेळी ते मला खटकलंसुद्धा नाही.

मग मी कामाला लागले. वन्संनी आमच्याकडेच राहावं म्हणून खिडकीजवळचा पलंग त्यांना दिला. बाल्कनीतला पंखा दुरुस्त करून आणला. जाऊबाईचा फोन आला की "वन्सं आंघोळीला गेल्यात" सांगायला लागले. वन्सं दिवसातून इतक्या वेळा आंघोळ करतात हे ऐकून जाऊबाईला आश्चर्य वाटलं असेल. मला त्यांचा लळा लागला होता, हेही खरं. मी घरी आले की त्या टेबलावर स्टँड लावून, टॉवेल टाकून तयार असायच्या. दिवसभर "क्लच सोडा" करून आल्यावर कुणीतरी आपली अशी वाट बघत असलं की बरं वाटतं. पण पार्टनर हवी होती, हे जास्त खरं.

मधूनमधून त्या नव्या डॉक्टरीणबाईंचे फोन यायचे. एक्स-रेच्या मशीनची दुसरी किल्ली कुठे आहे, पाण्याचा मुख्य नळ कुठला, जुने पेशंट कुठल्या दिवशी यायचे. हे चिडायचे. "काम सोडलं तरी पिच्छा सोडत नाहीत लोक!" एक फोन वन्संनी आतल्या खोलीत जाऊन, दार लावून घेतला. बराच वेळ चालला. मी म्हटलं, किल्ल्या बऱ्याच असतील.

शेवटी तो रविवार आला. दीर आले, जाऊबाई आली, येताना वन्संसाठी मुलांनी रंगवलेलं एक चित्र घेऊन आली. त्यात एक बाई आणि भोवती खूप मुलं होती. बाईच्या चेहऱ्याला तोंडच काढलेलं नव्हतं. जाऊबाई म्हणाली, "बघा ना, तुम्हीच आहात."

जेवण झालं. हे खाकरले. "ताई, मी थोरला आहे. तू इथेच राहायचंस. इथे तुझी सवय झालीय सगळ्यांना."

दीर म्हणाले, "दादा, तुझ्याकडे ती नुसती बसून असते. आमच्याकडे घर भरलेलं आहे. तिचा वेळ जाईल."

"वेळ म्हणजे, फार काही करायचं नाही हं वन्सं," जाऊबाई म्हणाली. "सकाळी आठपासून जरा लक्ष ठेवायचं. सहापर्यंत."

"आणि त्यांची स्पर्धा आहे पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. "नाव दिलंय."

असं आम्ही बराच वेळ चौघेही त्यांचं भलं करत होतो. शेवटी दिरांच्या लक्षात आलं की वन्संही खोलीत आहेत. "ताई, तुझं काय म्हणणं? म्हणजे, आम्ही ठरवू तसंच ना?"

या प्रश्नावर वन्संनी काय करायला हवं होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आमची तोंडं बघायला हवी होती. सगळ्यात जास्त कुणाला गरज आहे ते ताडायचं आणि त्याला हवं ते द्यायचं. मी तर माझं तोंड तयार करून बसले होते. पण वन्सं ताटाशेजारच्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. एवढा वेळ की जाऊबाईने चित्र जरा पुढे सरकवलं.

"माझी खोली रंगवून झालीय," वन्सं म्हणाल्या. "दवाखान्यावरची. नव्या डॉक्टरीणबाई म्हणतात, परत या. काम तेच, पण त्या बोलतात. 'बाई, आरसा द्या' असं तोंडाने मागतात. मला तिथे राहायला आवडतं. खालचा रस्ता दिसतो. मी उद्या जाणार आहे."

हे म्हणाले, "जाणार म्हणजे? भाऊ असताना? लोक काय म्हणतील?"

"ताई, या वयात नोकरी?" दीर.

"वन्सं, मुलांचं काय?" जाऊबाई.

वन्सं "पास" म्हणावं तशा नुसत्या बसून राहिल्या, आणि त्यात "हं" नव्हतं. मग ह्यांनी शेवटचा उपाय म्हणून माझ्याकडे बोट केलं. "ताई, आमचं सोड. हिला तरी विचार. हिला किती वाईट वाटेल, माहितीय?"

तेव्हा वन्संनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मध्ये टॉवेल नव्हता. मला तोंड आवरता येत नाही, कधीच आलं नाही. जाऊ नका, एवढंच त्यावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला आयुष्यभर सराव केलेलं माणूस समोर बसलं होतं. त्यांनी सगळं वाचलं. घाई केली नाही.

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की मला," त्या म्हणाल्या. "तरी जाणार."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी इतक्या जोरात घासली की एका कपाचा कान तुटला. मला रडू येत होतं. राग आलाय म्हणून रडतेय, असं मी ह्यांना सांगितलं. राग नव्हता. मला त्या हव्या होत्या, आणि त्यांना मी हवी होते त्यापेक्षा त्यांची खोली जास्त हवी होती. एवढं साधं होतं ते, आणि त्यात माझ्यावर अन्यायही झाला नव्हता, म्हणून जास्तच रडू येत होतं.

सोमवारी मीच सोडायला गेले. आमच्या शिकाऊ गाडीतून, डोक्यावर मोठा लाल एल, मागच्या सीटवर दोन बॅगा. खोली खरंच छान झाली होती. भिंतीला ताज्या रंगाचा वास, एक खाट, एक कपाट, खिडकीखाली रस्ता. वन्संनी खिडकी उघडली आणि बराच वेळ बाहेर बघत उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "बुधवारी न्यायला येऊ ना? सहाला?" माझ्या आवाजात जेवढा म्हणून सहजपणा आणता येईल तेवढा आणला होता.

"बुधवारी दवाखाना आठपर्यंत असतो," त्या म्हणाल्या. "नाही जमणार गं. स्पर्धेतलं नाव काढून टाक."

मी बॅग जमिनीवर ठेवली, उचलली, परत ठेवली. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"वाईट वाटलं ना तुला?"

"हो," मी म्हटलं. "फार."

"मलाही वाटतंय," वन्सं म्हणाल्या, आणि बॅग उघडून कपाटात साड्या लावायला लागल्या.